पिवळी पिन कुठे घालू?

पानशेत म्हटलं की आजीला १९६१ चा पूर आठवतो आणि आपल्याला वीकेंड, कांदाभजी, बोटिंग वगैरे. मला मात्र हल्ली एक वायर आठवते.

झालं असं की माझा मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, परवा मंगळवारी जर्मनीला गेला. तीन वर्षांसाठी. जाण्याआधीचा शनिवार-रविवार मामाकडे पानशेतला, असं ठरलं. गुरुवारी त्याचा फोन, "प्लेस्टेशन काढू या गं. फायनल बाकी आहे आपली."

२००८ साली दादा दहावी पास झाला तेव्हा मामाने त्याला प्लेस्टेशन टू घेऊन दिला. मी दहा वर्षांची. मे महिन्याच्या सुट्ट्या आम्ही 'क्रिकेट ०७' वर काढल्या. २०१० मध्ये तो हॉस्टेलला गेला आणि आमच्या टूर्नामेंटची फायनल आठ एमबीच्या मेमरी कार्डात तशीच पडून राहिली. तेव्हापासून "मीच जिंकणार होतो" हे तो लग्नाकार्यात सांगत फिरतो. तर, इज्जत का सवाल!

मशीन होतं, वायर उंदरांनी खाल्ली होती. म्हणून शुक्रवारी ऑफिसं सुटायच्या गर्दीत मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत. एक गोष्ट तिथेच कळली, ती सांगून टाकते. प्लेस्टेशन वन, टू आणि थ्री, तिघांच्या एव्ही वायरचं मशीनकडचं टोक एकच असतं. त्यामुळे "टूची वायर येत नाही हो आता" असं उत्तर मिळालं तर थ्रीची मागा. मिळाली. पिवळी, पांढरी, लाल. पिवळीतून चित्र, बाकी दोघींतून आवाज.

पण मामाकडे आता पातळ एलईडी आहे. त्याच्या पाठीला पिवळं भोकच नाही! म्हणून एक कन्व्हर्टरची डबी पण घेतली आणि खूश होऊन घरी आले.

शनिवारी रात्री पानशेतला डबी उघडली, सगळं जोडलं. स्क्रीन निळी. अर्धा तास निळी. मग दादाने डबीवरची बारीक अक्षरं वाचली. एचडीएमआय टू एव्ही. मला हवी होती एव्ही टू एचडीएमआय. दोन्ही डब्या दिसायला जुळ्या बहिणी, काम बरोब्बर उलटं. दुकानदाराची काही चूक नाही, मी मागितलं तेच त्याने दिलं. तुम्ही घ्याल तेव्हा एवढंच बघा, तीन रंगांच्या भोकांवर 'इनपुट' लिहिलेलं हवं. आणि तिला यूएसबीतून पॉवर लागते. नुसती एका टोकाला तीन पिना आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी स्वस्तातली वायर दिसली तर हात लावू नका, तिने काही होत नाही.

टीव्हीला इअरफोनसारखं एक बारीक एव्हीचं भोक होतं. त्याची छोटी वायर टीव्हीच्या खोक्यातच येते आणि खोकं कधीच रद्दीत गेलेलं. मामाच्या ड्रॉवरमध्ये कुठल्याशा जुन्या कॅमेऱ्याची तशीच वायर सापडली. तीही चालेना. त्या पिनेवरच्या पट्ट्यांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, यार. कधी पिवळीऐवजी लालमधून चित्र येतं, म्हणून पिना अदलाबदल करून बघायच्या. आम्ही बघितल्या. चित्र आलं, पण सतत थरथरत होतं.

दादा तोंड पाडून बसला. पुण्याला जाऊन यायचं म्हणजे रात्रीचा घाट आणि पाऊस. मामा इतका वेळ सुपारी कातरत होता. म्हणाला, "आरं, जुना डबा हाय की माळ्यावर. त्याला लावा."

एकवीस इंची, गोधडीत गुंडाळलेला. दोघांनी मिळून उतरवला, कंबर गेली. पाठीमागे दोनच भोकं, पिवळं आणि पांढरं. लाल पिन लोंबकळत सोडली, आवाज एका बाजूचाच येणार, येऊ दे. चालू केला आणि काय सांगू, सॉलिड चित्र!

कौतुक म्हणून नाही सांगत, त्याला कारण आहे. ही मशीनं अशाच टीव्हीसाठी बनली होती. एलईडीला तेच चित्र ताणून मोठं करावं लागतं, त्यात क्षणभर उशीर होतो आणि क्रिकेटमध्ये तेवढ्यात दांडी गुल. एलईडीवरच खेळायचं असेल तर गेम मोड लावा. हिरवी-निळी-लालवाली पाच पिनांची कंपोनंट वायर मिळाली तर आणखी छान, फक्त त्यात लाल पिना दोन असतात, एक चित्राची आणि एक आवाजाची. मशीनच्या मेनूत आधी वाय-सीबी-सीआरवालं सेटिंग करून मग वायर बदला, नाहीतर सगळे खेळाडू हिरवे दिसतात. आणि मशीन अमेरिकेतल्या काकांनी आणलेलं असेल, जुन्या टीव्हीवर चित्र काळं-पांढरं येत असेल, तर वायरीला शिव्या देऊ नका. त्यांचं एनटीएससी, आपलं पाल.

मेमरी कार्ड लावलं. फायनल होती! दादाला शेवटच्या ओव्हरमध्ये चौदा हवे होते, माझा स्पिनर, त्याने पहिल्याच बॉलला सिक्स मारला. आणि लाइट गेली.

मॅचच्या मध्ये आम्ही सेव्ह केलं नव्हतं. त्यामुळे कार्डात फायनल परत पहिल्या बॉलवर उभी आहे. काळोखात दादा म्हणाला, "जिंकलो होतो मी." मामा टॉर्च शोधत होता.

वायर मी रबरबँड लावून मामीच्या कपाटात वरच्या खणात ठेवलीय, डांबराच्या गोळ्यांसकट. टीव्ही अजून खालीच आहे. माळ्यावर परत चढवायला दादा नाही.