मारा सेल्फ!

आपल्याकडे बंद पडलेल्या वस्तूवर दोनच उपचार सर्वमान्य आहेत. वस्तू लहान असली तर तिला थापट मारायची आणि मोठी असली तर सेल्फ मारायचा. पहिल्या उपचारावर आमच्या घरचा रेडिओ चांगली अकरा वर्षे जगला, त्यामुळे त्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. माझे भांडण दुसऱ्याशी आहे.

वास्तविक मी बँकेतला कारकून. शिक्षण बी. कॉम. इंजिनाशी माझा संबंध कर्जप्रकरणातल्या इंजिन नंबरापुरता. पण काही वर्षांपूर्वी जानेवारीत आमचे फील्ड ऑफिसर रजेवर गेले आणि कळसच्या एका कर्जदाराचा ट्रक पाहून यायचे काम माझ्या गळ्यात पडले. दोन हप्ते थकले होते. फॉर्मवर प्रश्न होता : ‘वाहन चालू स्थितीत आहे काय?’

वाहन रस्त्याच्या कडेला उभे होते आणि त्याच्याभोवती पंधरा माणसे उभी होती. ट्रक जुना, भवानीनगरच्या कारखान्याला ऊस वाहणारा. त्याचा डिझेल पंप काढून बारामतीला एका पंपवाल्याकडे दुरुस्तीला दिला होता. तीन दिवसांनी पंप आला, मिस्त्रींनी बसवला, आणि गाडी चालू होणार या खात्रीने मालकाने आदल्या दिवशीच त्यात ऊस भरून ठेवला होता. गाडी काही चालू होत नव्हती.

“आणखी एक सेल्फ मार,” कोणीतरी म्हणाले.

हे वाक्य त्या दिवशी मी किती वेळा ऐकले ते मोजायला कॅशियर हवा होता. सेल्फ मारला की इंजिन घरघरायचे, सगळे जण माना पुढे काढायचे, घरघर मंदावली की माना मागे घ्यायचे. शेजारच्या वालचंदनगरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. त्या शेजाराचा गुण म्हणा, या भागात मोटारीतले कळत नाही असा माणूस नाही. एकाने हवेच्या तोंडाशी पेट्रोलचा पेटता बोळा धरला. दुसऱ्याने लिंबू बांधले. बॅटरी उतरली तेव्हा दुसऱ्या गाडीची बॅटरी आणावी, असे सुचवणारा शहाणा मीच होतो. आणलेलीही उतरली. मग ट्रॅक्टर आला आणि उसाने भरलेला तो ट्रक गिअरमध्ये टाकून गावभर ओढण्यात आला. मिरवणूक छान झाली. फक्त देव जागा झाला नाही.

आता जरा तांत्रिक बोलतो. समोरच्या बाकावरच्यांना झोप आली तर हरकत नाही. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा दाबून इतकी तापवायची की त्यात डिझेल फवारल्याबरोबर पेटावे. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये आपले इंजिन यशस्वी करून दाखवले, पण ते फवारणीचे काम एका मोठ्या हवेच्या कॉम्प्रेसरकडे होते. रस्त्यावरच्या ट्रकला झेपेल असा पंप जर्मनीतल्या बॉश कंपनीने १९२७ मध्ये कारखान्यात बनवायला सुरुवात केली. त्यातला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यात फट असते दोन-तीन मायक्रॉनची; आपल्या डोक्यावरचा केस (ज्यांच्या असेल त्यांचा) पन्नास-साठ मायक्रॉन जाड असतो. जुन्या ट्रकच्या टायरमध्ये जेवढा दाब असतो त्याच्या वीस-पंचवीस पट दाबाने हा पंप डिझेल नोझलकडे ढकलतो. असला नाजूक अवयव झाडाखाली खोलता येत नाही. म्हणून तो पंपवाल्याकडे जातो आणि इंजिन मिस्त्रीकडे राहते. गाडी एक, वैद्य दोन. इथेच सगळी गोम आहे.

मिस्त्री म्हणत होते, “पंपातच खोट हाय.” पंपवाला फोनवर सांगत होता, “आमचा पंप मशीनवर टेस्ट करून दिलाय. फिटिंग बघा.” मालक बिचारा दोघांच्या मध्ये, आणि मालकाच्या मागे मी, फॉर्म घेऊन.

पंपाचे काम झाल्यावर गाडी चालू होत नसेल तर पाहायच्या गोष्टी मोजक्याच असतात. टाकीतले डिझेल पंपापर्यंत येते का? स्टॉपची केबल जोडताना पंप बंदच्या जागी अडकून तर राहिला नाही ना? नळ्यांत हवा अडकली आहे का? डिझेल दाबले जात नाही, हवा मात्र स्प्रिंगसारखी दबते. त्यामुळे हवा असली की नोझल उघडतच नाही. ती हवा आधी फिल्टरपाशी, मग पंपापाशी, मग नोझलच्या नळीपाशी अशी क्रमाने काढायची. आणि शेवटी टायमिंग. (हे जुन्या पंपांबद्दल. नव्या कॉमन रेलच्या गाडीत नळ्या सैल करायला जाऊ नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो आणि माणसाच्या कातडीतून डिझेल आत शिरते.)

एअर तीनदा काढून झाली होती. केबल ठीक होती. सेल्फ मारला की सायलेन्सरमधून पांढरा धूर यायचा, कच्च्या डिझेलचा वास मारणारा. क्लीनरचे पोर दोनदा म्हणाले, “मिस्त्री, धूर पांढरा येतोय.” त्याला दोनदा चहा आणायला पाठवण्यात आले. डिझेल आत जाते आहे, पण पेटत नाही, हे त्या धुराने सगळ्यांना सांगितले होते आणि पोराने त्याचा उच्चार केला होता. पण पोराला सही करायचा अधिकार नव्हता.

पलीकडे ऊसतोडीची टोळी बसली होती, बीडकडची. दहा-बारा कोयती. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. या लोकांना मजुरी टनावर मिळते. गाडी नाही तर भरणी नाही, भरणी नाही तर टन नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल मात्र अंगावर तशीच. एक बाई मला म्हणाली, “सायेब, तुमी बँकेचं ना? मग करा की चालू.” बँकेवर एवढा विश्वास मी आमच्या हेड ऑफिसातसुद्धा पाहिलेला नाही. गाडीतला ऊस तिकडे वाळत होता. तोडलेला ऊस तासातासाला वजन आणि साखर दोन्ही गमावतो, आणि शेतकऱ्याला पैसे काट्यावरच्या वजनाचे मिळतात. तो ज्याचा होता ते आजोबा ट्रकला टेकून बसले होते. सेल्फ मारा असे न म्हणणारे तेवढेच.

दुसऱ्या दिवशी एस. टी.तून निवृत्त झालेल्या एका नानांना आणले. त्यांनी कशालाही हात लावला नाही. विचारले, “पंप काढल्यावर इंजिन कोणी फिरवलं?”

मिस्त्री म्हणाले, “रिकामा बसलो व्हतो, म्हणून टॅपेट सेट केलं. पण नाना, फ्लायव्हीलची खूण जुळवूनच पंप बसवलाय.”

खूण जुळलेली होतीच. फक्त इंजिन दोन फेरे घेते तेव्हा पंप एक घेतो, त्यामुळे ती खूण दर चक्रात दोनदा जुळते. एकदा डिझेल पेटायच्या वेळी आणि एकदा धूर बाहेर टाकायच्या वेळी. पंप दुसऱ्या फेऱ्यावर बसला होता. नानांनी वरचे कव्हर काढून पहिल्या सिलिंडरचे वॉल्व्ह दाखवले, इंजिन एक पूर्ण फेरा फिरवून पंप पुन्हा जोडायला लावला. दुसऱ्याच सेल्फला गाडी बोलली.

मला हे ऐकून घरी आल्यासारखे वाटले. आमच्यात याला तेरीज जुळणे म्हणतात. एका पाटलांचे पैसे दुसऱ्या पाटलांच्या खात्यात जमा करा, तेरीज तंतोतंत जुळते आणि पहिले पाटील काउंटरवर हजर होतात. पण तेरीज जुळली नाही तर आम्ही काय करतो? फरकाला नऊने भाग जातो का पाहतो. गेला तर आकड्यांची अदलाबदल. नंतर शेवटची व्हाउचरे काढतो, कोणाची सही आहे ते बघतो. चाळीस वर्षांपूर्वीची खाती उकरत नाही, आणि बेरीज तीच पुन्हा पुन्हा, जास्त जोर लावून, करत नाही.

आमच्या या सह्यांची लोक चेष्टा करतात. मीही केली आहे. त्यावर दोन लेख लिहून मानधन घेतले आहे. पण पन्नास रुपयांच्या व्हाउचरवर दोन सह्या घेणाऱ्या या देशात, ज्यावर बारा कुटुंबे आणि एक कर्ज उभे आहे त्या इंजिनाचे काय खोलले, कोणी फिरवले, खूण कोणत्या फेऱ्यावर जुळवली याची एक चिठ्ठी का असू नये? मिस्त्रींना हे बोललो तर म्हणाले, “कागद ज्यांना काम येत नाही त्यांना लागतो.” काम त्यांना उत्तम येत होते. चूक न येणाऱ्याची नव्हतीच. पंप बारामतीला असताना त्यांनी चांगल्या मनाने टॅपेट सेट केले आणि ते कोणाला सांगावे असे त्यांना वाटले नाही, एवढीच हकिगत. ती शोधायला दोन दिवस, दोन बॅटऱ्या आणि एक ट्रॅक्टर लागला.

पुढे बिलावरून भांडण झाले ते वेगळेच. पंपवाला म्हणाला पंप चांगलाच होता, मिस्त्री म्हणाले खूण बरोबरच होती, आणि दोघेही खरे बोलत होते. बॅटऱ्यांचे पैसे मालकाने भरले. उसाची घट आजोबांनी सोसली. टोळीचे दोन दिवस कोणाच्याच खात्यावर पडले नाहीत. मी फॉर्मवर ‘होय’ लिहिले आणि ‘शेरा’ या रकान्यात हा सगळा मजकूर बारीक अक्षरात बसवायचा प्रयत्न केला. मॅनेजर म्हणाले, शेऱ्यात फक्त ‘निरंक’ लिहायचे असते.


क्लीनरच्या पोराला नानांनी आपल्या हाताखाली घेतले, असे नंतर कळले. तो चहा बरा करत असे.