अठराव्या वर्षाची वेस

लिहितावाचताना अडखळणारे प्रत्येक मूल आळशी किंवा मंदबुद्धी नसते, हे मान्य करण्यात महाराष्ट्राने बऱ्याच राज्यांना मागे टाकले. १९९६ साली दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती मिळू लागल्या. त्यांसाठी लागणाऱ्या दाखल्याकरिता वाशी-नेरूळच्या पालकांनी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या किती खेपा घातल्या, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ‘विशिष्ट अध्ययन अक्षमते’ला दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्थान दिले. जादा वेळ आणि लेखनिक आता उपकार म्हणून नव्हे, तर हक्क म्हणून मागता येतात. परंतु या सवलतींचे तोंड परीक्षेकडे आहे. परीक्षा वर्षातून मोजके दिवस असते. वर्ग रोज भरतो.

त्या वर्गात काय घडते? प्राध्यापक बोलत असतात आणि विद्यार्थ्याने ऐकायचे, त्यातले महत्त्वाचे निवडायचे, ते ध्यानात धरायचे आणि लिहायचे, ही चारही कामे एकाच वेळी करायची असतात. इतरांचा हात सवयीने चालतो. ज्याला प्रत्येक शब्दाचे स्पेलिंग आठवावे लागते, त्याचे सारे लक्ष त्या एका शब्दात अडकते आणि तेवढ्यात दोन वाक्ये निसटून जातात. मग महाविद्यालयाबाहेरचे झेरॉक्सचे दुकान आणि मित्राची वही एवढाच आधार उरतो. मित्राचे अक्षरही चांगले असावे लागते!

यावर यंत्रांचा तोडगा आता दुर्मीळ राहिलेला नाही. काही लेखण्या लिहिता लिहिता आवाजही टिपून ठेवतात. वहीतल्या खुणेवर पुन्हा टोक टेकवले की त्या क्षणीचे व्याख्यान ऐकू येते. बोललेले अक्षरांत उतरवण्याची सोय मोबाइलवर आहे. गूगलने २०१७ साली तीत मराठीचा समावेश केला. मात्र आपल्या वर्गातील भाषा एक नसते. एकाच वाक्यात इंग्रजी संज्ञा, हिंदी क्रियापद आणि मराठी उद्गार आले की यंत्रही गोंधळते. शिवाय पाऊण तासाच्या व्याख्यानातील शब्द न् शब्द छापून हाती दिला, तर ज्याला वाचनच जड जाते त्याच्यापुढे नवा डोंगर उभा राहतो. त्यापेक्षा चार खुणा आणि त्यांना जोडलेला आवाज अधिक कामाचा, असे आमचे मत आहे.

ही साधने घ्यायची कोणी, हा खरा प्रश्न आहे. कायद्याचे १७ वे कलम किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना पुस्तके व साहाय्यक साधने विनामूल्य देण्यास सांगते. पण वयाच्या अठराव्या वर्षापर्यंतच. दुसरीकडे, केंद्राच्या २०१८ च्या सूचनांनुसार अध्ययन अक्षमतेची तपासणी आठव्या व चौदाव्या वर्षी होऊन अठराव्या वर्षी मिळणारा दाखला आजन्म वैध ठरला. म्हणजे ही अडचण तुला जन्मभर राहील, असे ज्या वयात सरकार लिहून देते, त्याच वयात हातातील साधनही काढून घेते. पदवीचा अभ्यास सुरू होतो तोही नेमका याच सुमारास. या विसंगतीचा अर्थ कोणत्या सचिवालयात सापडेल, कोण जाणे.

तथापि महाविद्यालयांना या वेसमागे दडता येणार नाही. त्याच कायद्याच्या १६ व्या कलमानुसार शासनमान्य शिक्षणसंस्थांनी प्रत्येकाच्या गरजेनुसार वाजवी सोय करावयाची आहे, आणि तिला वयाची अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली लेखनदोष असलेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, लेखनिकाचा हक्क ४० टक्क्यांच्या मापात कोंडता येणार नाही, असे सांगितले आहे. व्याख्यान ध्वनिमुद्रित करू देण्यास तर एक पैसाही लागत नाही. आपले बोलणे बाहेर फिरेल, त्यातील एखादे वाक्य तोडून कोणी दाखवील, ही प्राध्यापकांची भीती अनाठायी नाही. स्वतःच्या अभ्यासापलीकडे वापर करणार नाही, असे विद्यार्थ्याकडून लिहून घेतल्यास ती बरीच कमी होईल. वर्गात दाखवायचा मजकूर आदल्या दिवशी देणे तर याहूनही सोपे आहे.

साधनांच्या बाबतीत नवी मुंबईची स्थिती इतर शहरांपेक्षा बरी आहे. दिव्यांगांच्या शिक्षण-प्रशिक्षणासाठी महापालिकेचे ई.टी.सी. केंद्र वाशीतच आहे. वाशी, नेरूळ, ऐरोलीच्या महाविद्यालयांनी थोडा थोडा वाटा उचलून अशा लेखण्या घेतल्या, ग्रंथालयातून पुस्तकांसारख्या सत्रापुरत्या दिल्या आणि त्या वापरण्याचे शिक्षण या केंद्राने दिले, तर त्यासाठी कायदा दुरुस्त होण्याची वाट पाहावी लागणार नाही. प्रवेशअर्जात दिव्यांगत्वाचा रकाना असतोच. तो भरणाऱ्या विद्यार्थ्याला सत्राच्या पहिल्याच आठवड्यात बोलावून, तुला वर्गात काय लागेल, एवढे विचारले तरी सुरुवात होईल.