लोकांची मोटार, लोकांचे पैसे

'फोक्सवॅगन' म्हणजे लोकांची मोटार. हे नाव हिटलरच्या राजवटीत रुजले. मोटारीची किंमत ९९० मार्क ठरली आणि ती मिळेल या आशेवर सुमारे ३ लाख ३६ हजार जर्मनांनी दर आठवड्याला ५ मार्कांची तिकिटे बचतपुस्तिकेत चिकटविली. युद्ध आले, कारखान्यात लष्करी वाहने बनू लागली; युद्धकैदी आणि छळछावण्यांतील बंदी तेथे राबविले गेले. बचत करणाऱ्यांपैकी एकालाही मोटार मिळाली नाही. वर्षानुवर्षे न्यायालयात झगडून १९६१ मध्ये त्यांच्या पदरात काय पडले? नव्या मोटारीवर फार तर ६०० मार्कांची सूट, नाहीतर रोख १०० मार्क!

युद्धानंतर ब्रिटिश अधिकारी मेजर आयव्हन हर्स्ट यांनी हा कारखाना सावरला आणि १९७२ मध्ये 'बीटल'ने फोर्डच्या 'मॉडेल टी'चा उत्पादनाचा विक्रम मोडला. जर्मन कारागिरी म्हणजे सचोटी, हा समज जगात (आणि आपल्याकडेही) दृढ व्हायला हे यश पुष्कळ कारणीभूत झाले. वास्तविक कारागिरी आणि सचोटी हे दोन निरनिराळे गुण. कंपनीच्या डिझेल मोटारींतील संगणक तपासणीची चाहूल लागताच तेवढ्यापुरते विषारी वायू कमी सोडीत, हे २०१५ मध्ये अमेरिकेत उघडकीस आले. अशा मोटारी जगभरात सुमारे १ कोटी १० लाख होत्या. ही लबाडी रचायलाही कसबी अभियंतेच लागले असणार.

युद्धकाळात राबविलेल्या वेठबिगारांसाठी कंपनीने निधी उभारला तो १९९८ मध्ये. तेव्हा युद्ध संपून ५३ वर्षे लोटली होती.