नळी घालण्याआधी पडदा

आज जरा संकोचाच्या विषयावर लिहिते आहे. आमच्या पिढीतल्या बायका 'लघवी' हा शब्दसुद्धा चारचौघांत उच्चारत नसत. 'जाऊन येते' म्हणायचं, ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं! पण आता इथे मीरा-भाईंदरमध्ये माझ्या वयाच्या कुणाला भेटायला जावं, तर पलंगाला लघवीची पिशवी लटकलेली दिसते. तेव्हा बोलायलाच हवं.

बाईला कॅथेटर घालणं सोपं, असा एक समज आहे. कारण पुरुषांचा मूत्रमार्ग साधारण २० सेंटिमीटर, तर बाईचा जेमतेम ४. पण सोपं म्हणावं तसं नाही. उतारवयात मूत्रमार्गाचं तोंड आत ओढलं जातं, चटकन सापडत नाही. नळी चुकून योनिमार्गात गेली, तर ती खूण म्हणून तिथेच ठेवून दुसरी नवी निर्जंतुक नळी घ्यावी लागते. चुकलेली तीच नळी काढून पुन्हा वापरायची नाही. लघवी येऊ लागल्यावर नळी आणखी थोडी आत सरकवून मगच फुगा फुगवायचा. यासाठी भरपूर उजेड हवा, निर्जंतुक हातमोजे हवेत आणि पेशंटने अंग सैल सोडायला हवं. घाबरलेली, लाजलेली बाई अंग सैल कसं सोडणार?

म्हणून माझं म्हणणं असं, की पडदा हा त्या कामाचाच भाग आहे. माझ्या नणंदबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पडदा अर्धाच ओढला होता. पुढे त्या म्हणाल्या, "वहिनी, दुखणं विसरले हो, पण ते उघडं पडणं विसरत नाही." "आजी, लघवीची नळी घालते, थोडी जळजळ होईल, घालू ना?" एवढं विचारायला कितीसा वेळ लागतो?

ही मागणी नवी नाही. परक्या पुरुषापुढे बायका दुखणं सांगत नाहीत, हे आनंदीबाई जोशींनी ओळखलं होतं. मुंबईत १८८६ साली बायकांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं, त्यामागेही हीच गरज होती. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेतही, पुरुष डॉक्टर तपासत असताना स्त्री-रुग्णाजवळ दुसरी स्त्री असण्याचा हक्क सांगितला आहे. तेव्हा मागायला लाजू नका.

आता थोडं आपल्या नातेवाइकांबद्दल. "चादरी धुवून कंटाळलो, नळीच राहू द्या," असं घरोघरी ऐकू येतं. सांभाळणाऱ्याचे हाल मला कळतात. पण नळी जितके दिवस आत, तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढत जातो. बाईचा मूत्रमार्ग आखूड, गुदद्वार जवळ, त्यामुळे तिला जास्तच जपावं लागतं. स्वच्छता नेहमी पुढून मागे करायची. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवायची, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. पिशवी रिकामी करण्याआधी आणि नंतर हात साबणाने धुवायचे. आणि डॉक्टरांना दर भेटीत विचारायचं, "नळी अजून लागते का?" मात्र फुगा आत असतो, म्हणून घरी कुणी ओढून काढायला जाऊ नये.

काहींना खरंच ती लागतेच, त्यांचं वेगळं. पण केवळ आपल्या सोयीसाठी नको.

असो. तुमच्या घरी कुणी असं अंथरुणावर असेल, तर आधी तिलाच विचारा, तिला काय हवंय ते. ती सांगेल.