वर्गातला मोबाइल कोणासाठी?

गेल्या ईदला बीडला घरी गेलो होतो. चुलतबहीण बी.एड. करते, तिचे सराव पाठ सुरू होते. तिच्या पाठ टाचणात ‘शैक्षणिक साधने’समोर ‘मोबाइल’ लिहिलेले दिसले. विचारले, “वर्गात वापरणार?” ती हसली. “नाही भाई, लिहावं लागतं. बाहेर काढला की मुलं फळा सोडून त्याच्याकडेच बघतात.”

तिच्या मैत्रिणींशीही बोललो. काहींना मोबाइल म्हणजे मुलांना बिघडवणारी बला वाटते. काहींना व्हिडिओ लावला की शिकवून झाले असे वाटते. दोन्हीकडे एक प्रश्न राहून जातो: या धड्यात, या मुलांना त्याचा नेमका उपयोग काय?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणजे मोबाइलची वकिली करणार असे वाटेल. पण आमच्या कामातही पहिला प्रश्न वापरणाऱ्याचाच असतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडमुळे ओळखले गेले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. आज बालभारतीच्या पुस्तकांवर कोड आहेत, दीक्षा ॲप २०१७ पासून आहे. पण कोड स्कॅन करायला घरात मोकळा फोन आणि रिचार्ज लागतो. फोन एकच असेल तर तो आधी अब्बांकडे, मग भावाकडे. मुलीची पाळी शेवटी. मोबाइलवर गृहपाठ देणाऱ्या शिक्षिकेला हे माहीत हवे.

आपल्या जिल्ह्याची आणखी एक गोष्ट. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. हंगामी वसतिगृहांची सोय असूनही अनेक मुले आईबापांबरोबर जातात आणि वर्षाचा मोठा भाग बुडतो. शाळा गावातच राहते. फोन मात्र बापाच्या खिशातून फडावर जातो. आठवड्यातून दोनदा फोन लावून मुलाकडून उतारा वाचून घ्यायला ॲप लागत नाही, साधा फोन पुरतो. त्याने शाळेची जागा भरून निघणार नाही. पण मूल परत येईल तेव्हा बाई त्याला ओळखीच्या असतील.

युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालाने विचारले होते: हे साधन कोणाच्या अटींवर? भावी शिक्षकांनो, टाचणात ‘मोबाइल’ लिहाल तेव्हा पुढे एक ओळ जोडा: कोणासाठी आणि कशासाठी. उत्तर सुचले नाही तर खडू घ्या. त्यात कमीपणा नाही.