प्रयोगशाळेत विद्यार्थी हवेत, पण बाटल्या धुवायला नव्हे!

अहिल्यानगर जिल्ह्यातील पालक, प्राध्यापक, सरपंच आणि विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनो,

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२३-२४ पासून राज्यात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ सक्तीचे झाले. चार क्रेडिट, म्हणजे १२० तास. कारखान्यात ओळख असेल तर हे तास भरता येतात. ज्यांची ओळख नाही ती रसायनशास्त्राची आणि मायक्रोबायोलॉजीची मुले पाणी तपासणाऱ्या किंवा रुग्णालयाच्या सरकारी प्रयोगशाळेचे दार ठोठावतात. आत घेतले, तर कुठे महिनाभर बाटल्या धुवायच्या आणि जुनी रजिस्टरे उतरवायची. कुठे याच्या उलट, पहिल्याच आठवड्यात नमुन्यांचा ढीग पुढ्यात टाकून ‘घे करून’ म्हणायचे. दोन्हीकडे शिकवणारा कोणी नाही. या दोन्ही प्रकारांना आमचा विरोध आहे.

काम नाही असे कोणी म्हणू नये. हा राज्यातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा, चौदा तालुक्यांचा. गावोगावच्या विहिरी, बोअर आणि नळयोजनांचे पाणी वर्षातून एकदा रासायनिक आणि दोनदा जैविक तपासणीला जायला हवे. जैविक नमुन्याची बाटली निर्जंतुक लागते. पाण्यात क्लोरीन असेल तर ते निष्प्रभ करायला तिच्यात आधीच सोडियम थायोसल्फेट घालावे लागते. बाटली बर्फात ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावी लागते. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या वाडीतून निघालेली बाटली एसटीच्या टपावर तापली, तर पुढचा अहवाल कागदापुरताच! टीसीएल, म्हणजे पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरचेही तेच. ताज्या पावडरीत क्लोरीन साधारण ३३ टक्के असते. पोते ग्रामपंचायतीच्या ओलसर खोलीत उघडे राहिले की क्लोरीन उतरत जाते, आणि २० टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरायची नाही. ती टाकीत टाकली, रजिस्टरवर सही झाली, आणि गाव मात्र जुलाबांनी आडवे.

यातले प्रत्येक काम एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला शिकता येते आणि शिकता शिकता करताही येते. शेवगावच्या मुलीने शेवगावचे नमुने घ्यावेत, जामखेडच्या मुलाने जामखेडचे. ऊस-कांद्याच्या पट्ट्यात विहिरीच्या पाण्यातले नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडते का, हे त्यांनी स्वतः मोजावे आणि ग्रामसभेत उभे राहून सांगावे. पुस्तकातला पाणीतपासणीचा धडा तेव्हा कुठे अंगी लागेल.

‘विद्यार्थ्याच्या हातून चूक झाली तर?’ असे साहेब विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्यासाठीच तर एकाच नमुन्याची दुबार तपासणी असते, नमुन्याशिवाय केलेली ‘ब्लँक’ तपासणी असते, आणि अहवालावर केमिस्टची सही असते. ती सही विद्यार्थ्याने कधीही करायची नाही. पण सही करणारा माणूसच जागेवर नसेल, तर दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारू नका. ते पद भरा. फुकटातली पोरे मिळतात म्हणून पद रिकामे ठेवणे ही विद्यार्थ्यांची फसवणूक आहे, आणि पाणी पिणाऱ्यांची त्याहून मोठी.

आता पैशांचे. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत सरकार पदवीधराला महिना १०,००० रुपये देते, पण शिक्षण चालू असेल तर त्यात नाव बसत नाही. म्हणजे डिग्री घेऊन घरी बसलेल्याला विद्यावेतन, आणि शिकत असताना सरकारचेच काम करणाऱ्याला एसटीचे भाडेही नाही. आम्ही दहा हजार मागत नाही. प्रवासखर्च आणि दुपारचे जेवण एवढे तरी द्या. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त आणि थुंकी हाताळायची असेल, तर हिपॅटायटिस-बीची लस, हातमोजे आणि एन-९५ मास्क आधी, काम नंतर. यात मात्र घासाघीस चालणार नाही.

वेळही बदला. पाणी खरे बिघडते ते पहिल्या पावसात, जून-जुलैत. नेमकी तेव्हा माणसे कमी पडतात, आणि कॉलेज मात्र तास ‘उरकायला’ मुलांना आपल्या सोयीच्या आठवड्यात पाठवते. विद्यापीठाने या विषयांपुरते वेळापत्रक सैल केले, तर मुलांचे आणि प्रयोगशाळांचे, दोघांचेही भले होईल.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही एक सांगणे आहे. प्रमाणपत्रावर शिक्का मारून घेऊन घरी झोपणारे आपल्यातही आहेत. अशांची बाजू हे पत्रक घेत नाही.

प्राचार्यांना विनंती, की काय शिकवणार, कोण शिकवणार आणि अपघात झाला तर जबाबदार कोण, हे लेखी घेतल्याशिवाय एकही विद्यार्थी पाठवू नये. जिल्हा परिषदेने हा विषय हाती घ्यावा. आणि गावकऱ्यांनो, पुढच्या ग्रामसभेत विचारा: आपल्या पाण्याचा शेवटचा नमुना कोणी घेतला, कधी घेतला, आणि गावाला पाण्याच्या सुरक्षिततेचे कार्ड कोणते मिळाले, हिरवे, पिवळे की लाल? उत्तर मिळाले नाही तर गावातल्या विज्ञानाच्या मुलांना बरोबर घ्या आणि पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत जा.

– विज्ञान शाखेचे विद्यार्थी व पालक यांच्या वतीने

(वाचून झाल्यावर पत्रक दुसऱ्याला द्या.)