बांगड्याचे पित्त आणि एका मुलीचा अर्ज

रविवारची रात्र, साडेनऊची वेळ. दवाखान्याचे शटर ओढणार एवढ्यात आमच्या कळंब्यातलेच एक कुटुंब दारात उभे राहिले. वडील, मुलगा आणि सून. तिघांचीही तोंडे लालबुंद, अंगावर गांधी उठलेल्या, डोके ठणकत होते, छातीत धडधड. तासाभरापूर्वी घरात बांगड्याचे कालवण झाले होते. "डॉक्टर, पित्त उठलंय. आमसुलाचं पाणी लावलं, पण काय उतरंना," वडील म्हणाले. नाडी, रक्तदाब पाहिला, श्वासाला त्रास नाही याची खात्री केली, औषध दिले. तासाभरात तिघेही निवळले.

नेहमीप्रमाणे मी कागदावर 'माशाची ॲलर्जी' असे लिहिले आणि पुन्हा बांगडा खाऊ नका म्हणून बजावले. घरातली धाकटी मुलगी तिघांना घेऊन आली होती. ती सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली. उशिरा घरी आल्यामुळे ती जेवायची राहिली होती. ती हळूच म्हणाली, "काका, ॲलर्जी एकाला होईल. तिघांना एकाच वेळी, एकाच माशाची कशी होईल?"

वाचकहो, प्रश्न बिनतोड होता. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत असे रुग्ण मी कितीतरी पाहिले असतील आणि बहुतेकांच्या माथी ॲलर्जीचा शिक्का मारून मोकळा झालो असेन. त्या रात्री मी पुस्तक काढले.

माशातला दोष, माणसातला नव्हे

बांगडा, तारली, कुपा अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य मुळातच भरपूर असते. पकडलेला मासा लगेच बर्फात गेला नाही, तर जंतू या हिस्टिडीनचे हिस्टामिन करून टाकतात. ॲलर्जीत आपले शरीर जे हिस्टामिन स्वतः सोडते, तेच इथे माशातून आयते पोटात जाते. म्हणून लक्षणे हुबेहूब ॲलर्जीसारखी. गंमत म्हणजे अशा माशाला वास येईलच असे नाही, आणि एकदा तयार झालेले हिस्टामिन तळून, उकळून किंवा नंतर बर्फात ठेवून जात नाही. म्हणजे दोष माझ्या रुग्णांच्या शरीरात नव्हता. तो होडीपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या वाटेवर कुठेतरी होता. होडीवर, बंदरावर, घाट चढणाऱ्या टेम्पोत की बाजारातल्या पाटीत? ते मला सांगता येईना.

दोन दिवसांनी ती मुलगी एक फाइल घेऊन आली. आत संशोधनाच्या शिष्यवृत्तीचे कागद होते. समुद्र आणि माणसाचे आरोग्य या विषयावर तिला काम करायचे होते, गोव्यातल्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत. अर्जासोबतचे टिपण मी वाचून द्यावे अशी तिची इच्छा होती. तिच्यामागून वडीलही आले. त्यांची इच्छा नेमकी उलटी होती.

"डॉक्टर, तुम्हीच सांगा हिला. आमचं रान इथं, म्हशी इथं. ह्या दर्याचं खूळ कुठनं आलं? आणि अजून पाच वर्षं शिकायचं म्हंजे पैसं कुणी घालायचं?"

समुद्र आपल्यापासून दूर नाही

अण्णांचा पहिला प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात येईल, म्हणून आधी त्याविषयी.

कळंबा तलावाच्या सांडव्यावरून पडणारे पाणी जयंती नाल्यातून पंचगंगेला, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला, आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. आपण नदीत जे सोडतो ते शेवटी समुद्रात जाते. दुसऱ्या बाजूने अरबी समुद्र गगनबावडा, फोंडा आणि आंबा घाट चढून माशांच्या टेम्पोतून आपल्या ताटात येतो.

कॉलऱ्याचेच उदाहरण घ्या. हा दूषित पाण्याचा रोग म्हणून आम्ही शिकलो. रिटा कोलवेल या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिले, की त्याचा जंतू खाडीच्या आणि समुद्राच्या पाण्यात अतिसूक्ष्म कवचधारी जिवांना चिकटून मुक्काम करतो. त्यावरून एक साधा उपाय निघाला. बांगलादेशातील मतलब भागातल्या ६५ खेड्यांत जुन्या सुती साडीची पदरी घडी घालून तिच्यातून पाणी गाळायला बायकांना शिकवले गेले. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा कॉलऱ्याचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने कमी झाल्याचे दिसले. आपल्या आज्या घागरीच्या तोंडाला फडके बांधत, त्यामागेही शहाणपण होतेच. (अर्थात साथ असताना नुसते गाळून भागत नाही, पाणी उकळूनच प्यावे.)

१९९७ साली केरळातल्या विळिंजम येथे समुद्रातले शिंपले खाऊन सात जण दगावले. विष शिंपल्यांचे स्वतःचे नव्हते, त्यांनी खाल्लेल्या सूक्ष्म शैवालाचे होते. २०१३ च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींचे विसर्जन करताना पाकट माशांच्या नांग्या आणि जेलीफिशचे डंख लागून अनेक भाविकांना रुग्णालयात न्यावे लागले. पाकटाचा काटा लागल्यास जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरावी, हे माझ्यासारख्या घाटावरच्या डॉक्टरने तेव्हा वाचून शिकले. समुद्र रोग देतो, तसा औषधही देतो. रक्ताच्या कर्करोगावर वापरले जाणारे सायटाराबिन हे औषध कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजात सापडलेल्या द्रव्यांवरून घडवले गेले.

पैसे भरायचे नाहीत, मिळतात

अण्णांचा दुसरा प्रश्न पैशांचा. मी त्यांना विचारले, "हे पैसे तुम्हाला भरायचे आहेत असं वाटतंय का?" त्यांचा तोच समज होता. आणि तो त्यांच्या एकट्याचा नाही. संशोधन म्हणजे घरच्या पैशाने लांबवलेले शिक्षण, अशीच बहुतेक पालकांची समजूत असते.

वस्तुस्थिती अशी, की सीएसआयआर-यूजीसीची संयुक्त 'नेट' परीक्षा देऊन कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली, तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिना ३७ हजार आणि पुढे ४२ हजार रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. या परीक्षेत जीवशास्त्राचा विषय आहे, तसाच पृथ्वी, वातावरण व महासागर विज्ञानाचाही आहे. याशिवाय आपल्या राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या त्या त्या समाजघटकांसाठी संशोधन शिष्यवृत्त्या आहेत. एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची दोन महिन्यांची अल्पकालीन योजना १९७९ पासून चालू आहे. वयाच्या आणि गुणांच्या अटी बदलत असतात, म्हणून त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचावे. ऐकीव माहितीवर राहू नये.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पैशाचं ठीक. पण पोरीची जात, ती बोटीवर राहणार?"

तेव्हा मी त्यांना डॉ. अदिती पंत यांची हकिकत सांगितली. औंधच्या पंत घराण्यातली ही मुलगी. पुणे विद्यापीठातून बी.एस्सी. झाली. समुद्रावरचे एक पुस्तक हाती पडले आणि तिने तोच विषय धरला. परदेशी शिकायचे तर पैशांची अडचण होती, ती अमेरिकन सरकारच्या शिष्यवृत्तीने सुटली. हवाई विद्यापीठात एम.एस. आणि पुढे लंडनला सागरी शैवालावर पीएच.डी. करून ती गोव्याच्या याच संस्थेत आली, आणि १९८३-८४ च्या मोहिमेत अंटार्क्टिकावर गेली. डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता आणि त्या, या दोघी भारतीय मोहिमेतून तिथे पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या स्त्रिया. औंध आपल्यापासून किती लांब? सातारा जिल्ह्यात.

अर्ज कसा असावा

मग आम्ही टिपण वाचायला घेतले. पहिलेच वाक्य होते, 'मानवी जीवनात महासागरांचे स्थान अनन्यसाधारण आहे.' मी ते खोडले. तिचा चेहरा उतरला. मी म्हणालो, "बाळ, असं वाक्य हजार जण लिहितील. त्या रात्री तू मला जे विचारलंस, ते लिही."

तिने पुन्हा लिहून आणले. कोकणातल्या बंदरापासून कोल्हापूरच्या बाजारापर्यंत बांगड्यातले हिस्टामिन नेमक्या कोणत्या टप्प्यावर वाढते, असा तिचा प्रश्न होता. होडी, धक्का, टेम्पो, बाजार आणि घर अशा पाच ठिकाणी नमुने घ्यायचे, प्रत्येक ठिकाणी माशाचे तापमान मोजायचे आणि कोणते जंतू वाढतात ते पाहायचे. प्रश्न लहान आहे, मोजता येण्याजोगा आहे, आणि त्याचे उत्तर मिळाले तर कोळणीपासून गिऱ्हाइकापर्यंत सगळ्यांच्या उपयोगी पडेल. अर्ज करणाऱ्या इतर मुला-मुलींनीही एवढे लक्षात ठेवावे. प्रश्न आपल्या डोळ्यांनी पाहिलेला असावा. ज्यांच्या हाताखाली काम करायचे त्यांचे काम आधी वाचून त्यांना पत्र लिहावे. आणि शिफारसपत्र, जातीचा व उत्पन्नाचा दाखला यांच्या मागे महिनाभर आधी लागावे.

हे शेवटचे मी स्वानुभवाने सांगतो. दुसऱ्या वर्षाला असताना मलाही त्या दोन महिन्यांच्या योजनेसाठी अर्ज करायचा होता. विषय ठरला होता, नदीकाठच्या गावांतली कावीळ. अर्जावर एक सही हवी होती. तो कागद एका टेबलावर दोन आठवडे पडून राहिला आणि तारीख टळली. टेबलाचा दोष होताच, पण मीही रोज जाऊन उभा राहिलो नाही. पुढे २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसे दगावली, तेव्हा तो कागद मला फार आठवला. माझ्या दोन महिन्यांच्या अभ्यासाने साथ टळली असती असे मी म्हणत नाही. पण प्रश्न विचारायची सवय लागली असती, आणि मग तिघांच्या कागदावर एकदम 'ॲलर्जी' असे लिहिले नसते.

दोन गुरू हवेत

आता माझे मत स्पष्टच सांगतो. आपल्याकडे समुद्र एका खात्याकडे, मासे दुसऱ्याकडे आणि रोगी तिसऱ्याकडे. बांगडा खाऊन लाल झालेला माणूस यांपैकी कुणाचाच नसतो. अमेरिकेत २००४ साली विज्ञान आणि आरोग्य या दोन्ही बाजूंच्या सरकारी संस्थांनी एकत्र येऊन समुद्र व मानवी आरोग्य या विषयाची चार केंद्रे काढली. त्याच वर्षी त्यासाठी कायदाही झाला आणि पुढे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दोन्हीकडचे शिक्षण देणाऱ्या शिष्यवृत्त्या आल्या. आपणही तेच करावे. समुद्रसंस्थेतला एक मार्गदर्शक आणि वैद्यकीय महाविद्यालयातला एक, अशी जोड शिष्यवृत्ती निघाली तर एकीकडे गोवा किंवा रत्नागिरी आणि दुसरीकडे आमचे सीपीआर रुग्णालय, अशी सांगड सहज बसेल.

दुसरे असे, की शिष्यवृत्ती जाहीर करणे वेगळे आणि ती दरमहा हातात पडणे वेगळे. राज्यातल्या संशोधक विद्यार्थ्यांना हक्काच्या पैशांसाठी आंदोलने करावी लागली, हे आपल्याला शोभणारे नाही. पैसे चार-सहा महिने अडले, तर सधन घरची मुले तग धरतात, आणि शेतकऱ्याच्या मुलांवर वही मिटून परत येण्याची वेळ येते. १९०१ पासून इथे वसतिगृहे उभारणाऱ्या शाहू महाराजांनी हे ओळखले होते, की हुशार मुलाचे शिक्षण फीपेक्षा खोली आणि जेवण यांवर अडते. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले. त्या पैशांचे पुढे काय मोल झाले, ते देश जाणतो. आपल्या जिल्ह्यातल्या बँका, दूध संघ आणि कारखान्यांनी अशा मुलांना पहिल्या सहा महिन्यांपुरती बिनव्याजी उचल दिली, तर फार मोठे काम होईल.

असो. अर्ज गेला आहे. मुलगी परीक्षेचा अभ्यास करते आहे. निकाल काय लागेल, सांगता येत नाही. जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ. पण परवा अण्णा रक्तदाब दाखवायला आले, तेव्हा पिशवीतून त्यांनी एक थर्मामीटर काढला. पोरीने बाजारातल्या पाट्यांचे तापमान मोजायला लावले होते. "डॉक्टर, बर्फ वरनंच घालत्यात बघा. खालचा मासा गरमच असतोय," ते म्हणाले.

वाचकांनी तूर्त एवढे करावे. बांगडा जरूर खावा, पण खालपासून वरपर्यंत बर्फात ठेवलेलाच घ्यावा. घरी आणल्यावर लगेच शिजवावा किंवा फ्रीजमध्ये ठेवावा. खाल्ल्यावर घरातल्या दोघा-तिघांना एकदम पित्त उठले तर उरलेले कालवण कुणालाही देऊ नये. धाप लागली किंवा चक्कर आली तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तडक रुग्णालय गाठावे. आणि घरातली मुलगी शिष्यवृत्तीचा कागद घेऊन आली, तर 'पैसे कुणी घालायचे' असे म्हणण्याआधी तो कागद एकदा वाचावा.